डाव्या कडेवरची कळशी

मी पडले नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारण गावात त्या दिवसापासून "मोठीमाय पडली" असंच चालू झालं, आणि गावात एकदा चालू झालेली गोष्ट पुसायला दुसरं कोणीतरी पडावं लागतं. मी बसले होते. फक्त बसायचं मनात नव्हतं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. कापसाची वेचणी जोरात होती, म्हणजे लोकांची. मी वेचायला जाणं सोडून चार वर्षं झालीत. तरी संध्याकाळी एकदा गावाच्या टोकापर्यंत जाऊन येते, जिथून वावरं सुरू होतात. बायका परतताना भेटतात, दोन शब्द होतात, तेवढंच. त्या दिवशीही गेले, आले, आणि अंगणातल्या मोरीपाशी पाय धुवायला उभी राहिले.

आता आपल्याकडची बाई पाय कशी धुते ते आठवा. ती खाली वाकत नाही. एका हाताने तांब्यातून पाणी सोडते आणि पायानेच पाय घासते. डाव्या पायावर उभं राहायचं, उजव्या टाचेने डाव्याची माती काढायची. मग पाय बदलायचा. मी हे जन्मभर केलं, कधी भिंतीला हात लावला नाही. त्या दिवशी उजवा पाय उचलला आणि माझी कंबर उजवीकडून अशी खाली गेली, जशी खाटेची एका बाजूची दोरी तुटावी. तांब्या हातातून गेला, गडगडत फाटकापर्यंत. मी भिंतीला घासत खाली.

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. पलीकडून शेजारची सून ओरडली, "अवं माय! मोठीमाय पडल्या!"

"पडली नाही वं, बसली."

"अशा पान्यात?"

"पाय धुवत होती."

"मंग उठा बरं."

आणि मला उठता आलं नाही. एवढ्यासाठी नागपूरला फोन गेला.

नागपूरला माझी लेक असते. एकच आहे. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. जावई नोकरीपायी दूर, महिन्यातून एकदा घरी येतात. तिचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती एकच वाक्य बोलते, "माय, इकडे ये." आणि मीही एकच बोलते, "पाहू." हे 'पाहू' सहा वर्षं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी राहिली आणि बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "आता पाहू-बिहू नाही. सामान बांध."

मी का जात नव्हते, ते सांगायला पाहिजे. नाहीतर वाटेल, म्हातारी हट्टी आहे. हट्टी आहेच, पण हट्टाला कारण होतं.

माझी एक मैत्रीण होती. आमची कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळी अकरा जणींची. वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळींना आम्ही तास म्हणतो. प्रत्येकीने आपला तास धरायचा, कमरेला फडकं बांधून त्याची ओटी करायची, आणि वेचत पुढे जायचं. तिचा तास दहावा, माझा अकरावा, धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. तीस वर्षं आम्ही शेजारी-शेजारी वेचलं. एकमेकींचं तोंड फार दिसायचं नाही, हातच दिसायचे, पण बोलणं थांबायचं नाही. तिला तिच्या लेकाने पुण्याला नेलं. सहाव्या मजल्यावर. पहिल्यांदा रोज फोन यायचा. एकदा म्हणाली, "इथी सारं सपाट हाये वं. ना चढ, ना ढेकूळ, ना उंबरठा. माहे पाय चालनंच इसरून राह्यले." मी हसले. म्हटलं, "राणीवानी राहून राह्यली, अन् रडतं कायले?" मग फोन दोन दिवसांनी यायला लागला, मग आठवड्याने. सव्वा वर्षात ती गेली. काय झालं होतं, तर काहीच नाही, नुसती उठेनाशी झाली, असं तिचा लेक म्हणाला.

म्हणून मी 'पाहू' म्हणत होते.

लेकीला मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखव, मग सामान बांध. तिला वाटलं डॉक्टर तिच्या बाजूने बोलतील. मला वाटलं माझ्या. अशा दोघी आपापल्या आशेवर ऑटोत बसून पांढरकवड्याला गेलो.

हाडाच्या डॉक्टरने फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाला, आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण होती. पोरगीच म्हणा. तिने मला आरशासमोर उभं केलं आणि मागून माझ्या कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले, जशी भरलेली घागर धरावी तसे.

"आजी, उजवा पाय उचला."

उचलला. आरशात माझी उजवी बाजू खाली गेली.

"काय झालं?"

"उजवीकडून ढिली पडली मी."

"मग दोष कोणत्या बाजूचा?"

"उजवीचाच. दिसून नाही राह्यलं का तुले?"

ती हसली. "उजवा पाय तर हवेत आहे, आजी. तो काय करणार? त्या बाजूला वर धरून ठेवायचं काम डावीकडचं आहे." मग तिने माझाच हात धरून माझ्या डाव्या कुशीखाली लावला, कमरेच्या हाडाच्या खाली, खुब्याच्या बाहेरच्या बाजूला. तिथे म्हणे पंख्यासारखा पसरलेला स्नायू असतो, एकावर एक असे दोन-तीन. माणूस चालतो तेव्हा दर पावलाला क्षणभर एकाच पायावर उभा असतो. त्या क्षणाला ज्या पायावर उभा, त्याच बाजूचा हा स्नायू कंबर आपल्याकडे ओढून धरतो, म्हणून दुसरी बाजू पडत नाही. दिवसभर, दर पावलाला, एकदा डावा, एकदा उजवा. आणि आपल्याला पत्ताही नाही.

मला हे लग्नाच्या मांडवावरून समजलं. डांबाला, म्हणजे मांडवाच्या खांबाला, इकडून बांधलेला दोर ढिला झाला तर मांडव तिकडे झुकतो. लोक झुकलेल्या बाजूला धावतात आणि टेकू लावतात. जाणता माणूस उलट्या बाजूचा दोर आवळतो.

मग तिने विचारलं, "लेकरं कोणत्या कडेवर घेतली?"

"डाव्या."

"पाणी?"

"डाव्या. उजवा हात मोकळा लागते ना."

"तेच. वजन डावीकडे असलं की त्या बाजूच्या स्नायूला कमी ओढावं लागतं. त्याचं अर्धं काम वजनच करतं. वर तुम्ही कंबर बाहेर काढून नुसत्या हाडावर लटकून उभ्या राहणार. तो इतकी वर्षं आरामात होता."

"आराम?" मी म्हटलं. "बाई, माह्या आंगात कोनालेच आराम नव्हता."

"याला होता," ती म्हणाली.

लेक तोंडावर पदर घेऊन हसत होती. मलाही हसू आलं. साठ-सत्तर वर्षं मी राबले म्हणून मिरवते, आणि माझ्याच कमरेत एक आळशी दडून बसला होता.

तिने व्यायाम दिले. कुशीवर निजून वरचा पाय उचलायचा. ओट्याला धरून पाय बाजूला न्यायचा. आणि एका पायावर उभं राहायचं, हळूहळू दहा मोजेपर्यंत. मग माझ्या हातातली काठी पाहिली. आमच्या ह्यांची काठी, मी डाव्या हातात धरली होती, त्या दिवसापासून डावा खुबा दुखत होता म्हणून. तिने ती काढून उजव्या हातात दिली. "दुखतं डावीकडे, काठी उजवीकडे."

परतताना ऑटोत लेकीने अट घातली. "सव्वीस जानेवारीच्या सुट्टीले येईन मी. डाव्या पायावर, काही न धरता, दहा मोजेपर्यंत उभी राहून दाखव. राह्यली तं राहा इथीच, मी तोंड उघडणार नाही. नाही तं चाल."

"अन् पहिलेच पाय टेकला तं?"

"तं सामान बांधतो."

मी हो म्हटलं. दोन-सव्वादोन महिने हातात होते.

पहिला त्रास काठीचा झाला. गावात काठी उजव्या हातात धरून लंगडणारी म्हातारी कोणी पाहिलेली नव्हती. पारावरून आवाज यायचा, "मोठीमाय, काठी उलट्या हातात धरली ना जी!" मी थांबून समजावून सांगायचे. मांडव, डांब, दोर. ऐकून मान हलवायचे आणि मी चार पावलं पुढे गेले की एकमेकांना म्हणायचे, "पडली तं डोक्यालेई लागलं वाट्टे." शेवटी मी पारावरून जाताना काठी डाव्या हातात घ्यायला लागले आणि पार ओलांडला की उजव्या.

व्यायाम मात्र केला. सकाळी चूल आवरली की ओट्याला पाठ करून उभी राहायचे आणि मोजायचे. नुसते आकडे मोजायला मन लागेना. मी शाळेत गेलेली नाही. लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून तिच्याबरोबर अक्षरं शिकले, आकडेही तेव्हाचेच. मग मी आमचे तास मोजायला लागले. पहिल्या तासाची, जी कायम घाईत असायची. दुसऱ्याची, जी पानासकट कापूस ओढायची आणि बोलणी खायची. तिसरी तिची जाऊ. चौथी तंबाखूवाली. पाचवी कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, जिच्या पायात कधी चप्पल पाहिली नाही आणि तिला काटाही कधी मोडला नाही. असं करत दहाव्यापर्यंत जायचं, मैत्रिणीपर्यंत. एक बाई म्हणजे एक आकडा. तिचं तोंड नीट डोळ्यापुढे आलं की पुढची.

पहिल्या दिवशी दुसरीवर पाय टेकला. आठ दिवसांनी तिसरीवर. महिनाभराने पाचवीवर आले आणि तिथेच अडकले. काही केल्या सहावी येईना. उभं राहता राहता हेही लक्षात आलं की या दहांतल्या गावात आता दोघीच उरल्यात, आणि त्यातली एक मला ओळखत नाही. दारात बसलेली असते. मी हाक मारली की म्हणते, "कोनाची वं तू?" मी सांगते. ती पुन्हा विचारते. बाकीच्या काही गेल्या, काही नेल्या गेल्या. रोज सकाळी मी त्यांना ओळीने उभं करत होते, आणि माझा पाय टेकला की त्या जात होत्या. घर पुन्हा जसंच्या तसं. दिवसभरात तेवढाच काय तो घोळका.

मग कळशीचं झालं.

एका सकाळी नळ आला नाही. फळीवरची पितळेची कळशी काढली आणि गल्लीच्या तोंडाशी हातपंप आहे, तिथे गेले. भरली ती अर्धीच, आणि हात आपोआप तिला डाव्या कडेवर घेऊन बसला. परत येताना ऊन पाठीमागून होतं, सावली पुढे. आणि पाहते तर सावली सरळ चाललेली. ना झोकांडी, ना लंगडणं. काठी तर पंपालाच विसरून आले होते. मी घराशी येऊन पुन्हा मागे गेले, पुन्हा आले. सरळ. कळशी खाली ठेवून दोन पावलं टाकली, की कंबर लगेच उजवीकडे लचकली. कळशी घेतली, सरळ.

डॉक्टरणीने सांगितलंच होतं, वजन त्याचं अर्धं काम करतं म्हणून. पण तिने ते दोष म्हणून सांगितलं होतं. मला तो उपाय वाटला.

इथे माझं चुकलं. मनात आलं, लेकीला काय पाहिजे? माय धड चालताना दिसली पाहिजे. ती येईल तेव्हा मी कळशी घेऊन पंपावरून येत असेन. पाणी भरणाऱ्या बाईला कोण म्हणेल, एका पायावर उभी राहून दाखव? तेव्हापासून ओट्याशी उभं राहणं बंद. रोज सकाळ-संध्याकाळ कळशी घेऊन गल्लीत फेऱ्या.

शेजारची सून भिंतीवरून म्हणाली, "मोठीमाय, अंगणात नळ हाये, अन् पंपाचं पानी कायले वाहून राह्यल्या जी?"

"पंपाचं गोड लागते."

"त्याचं तं खारट हाये ना!"

"मले खारटच गोड लागते," मी म्हटलं. ती हसून गेली. फोनवर लेकीला मी सांगितलं, आता मस्त चालते, पाणीसुद्धा आणते.

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेच्या पोरांची फेरी गल्लीतून गेली. थंडी होती. लेकीची गाडी साडेनऊला फाट्यावर येते हे मला माहीत. मी पंपावर जाऊन थांबले. ती वळणावर दिसली तशी कळशी उचलली, कडेवर बसवली आणि तिच्यासमोरून, पदर खोचून, सरळ चालत घराकडे निघाले. मनात म्हणत होते, पाह्य, पाह्य आता.

ती फाटकाशी उभी राहून पाहत होती. मी जवळ आले तसं म्हणाली, "कळशी खाली ठेव, माय."

"आत नेऊन ठेवतो. पानी सांडन."

"सांडू दे. ठेव."

ठेवली. ती म्हणाली, "आता चाल."

मी चालले. पाच पावलं. कंबर लचकते, हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

तिचा चेहरा रागावलेला असता तर बरं झालं असतं. ती फाटकाच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मी सहा वर्षांची झाल्ती, तरी वेचणीहून येता येता तू मले उचलून घेत जाय. आठवते?"

आठवत होतं. बायका म्हणायच्या, घोड्याएवढी पोट्टी झाली, चालू दे तिले. मी म्हणायचे, थकली वं ती.

"मी थकत नव्हती, माय. मले खेळत यायचं राहे. मी म्हणो, उतरव. तू म्हणे, बस चूपचाप, तू असली की चाल बरी पडते. दिवसभर वेचून तुही कंबर धरे, अन् तू मले उचलून घे. मले वाटे, मायचं काही उलटंच असते. त्या दिवशी डॉक्टरीण बोलली, तेव्हा समजलं."

मला वाटत होतं मी तिला वाहून नेते. ती मला नेत होती.

तरी अट ती अट. तिने माझ्या मागे उभं राहून कमरेच्या हाडांवर हात ठेवले, अगदी डॉक्टरणीसारखे. मी उजवा पाय उचलला. महिनाभर व्यायाम सोडलेला. चौथीवर, तंबाखूवालीवर, पाय टेकला.

मी आत जाऊन पेटी काढली. खरंच काढली, पलंगाखालून ओढून. ती दारात उभी राहून पाहत होती. दोन लुगडी घातली, विहारात घालायचं पांढरं पातळ घातलं, मग काय घालावं सुचेना. तशीच बसून राहिले. ती आत आली, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबतो मी. पण कळशी नाही. अन् फोनवर सांगितलेलं मानणार नाही. मी येऊन, हात लावून पाहीन."

जाताना कळशी ती सोबत घेऊन गेली. नागपूरला, बॅगेत ओढणी गुंडाळून.

त्यानंतरचे तीन-साडेतीन महिने सांगण्यासारखे नाहीत. रोज ओट्याशी उभं राहायचं, रोज कुशीवर निजून पाय उचलायचा. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावरं मोकळी पडली, संध्याकाळी टोकापर्यंत गेलं तरी परतणारी बाई दिसेना. ऊन वाढलं. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसायचं. दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द मोजले तर हाताच्या बोटांवर. खुब्याशी आधी नुसतं दुखायचं, मग एक दिवस उभी असताना तिथे काहीतरी घट्ट झालं, मूठ आवळावी तसं. मी हात लावून पाहिलं. आळशी उठला होता. कोणाला सांगू म्हणून भिंतीपलीकडे पाहिलं, तर सून माहेरी गेलेली. सहावी आली, सातवी आली. आठवीला मी विसरूनच गेले होते, ती किती हळू गायची. नववीवर पंधरा दिवस अडले. दहावीचं तोंड मी मुद्दाम आधी आठवत नव्हते.

लेक मे महिन्यात आली. आल्या आल्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "हं."

अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत मी उभी राहिले. तिचे हात कमरेवर. उजवा पाय उचलला. ती मोठ्याने आकडे मोजत होती, मी मनात माझ्या बायका. पाच. सहा. कंबर थोडी हलली, पुन्हा जागेवर आली. आठवर मला जाणवलं की तिचे हात आता माझ्या अंगावर नाहीत. कधी काढले, कळलं नाही. नऊ. दहा. दहाव्या तासावर मैत्रीण वाकलेली, तोंड न दाखवता, नुसते हात दिसत होते.

पाय टेकवून मी वळले. मला वाटलं लेक हसत असेल. ती ओसरीवर जाऊन बसली होती, ओढणीने तोंड पुसत.

"झालं ना दहा?" मी विचारलं.

"झालं." ओढणीची घडी करत म्हणाली, "मंग राहा."

"अशी काहून बोलतं?"

"मी खोलीले रंग देऊन ठेवला होता, माय. हिरवा. रंगाऱ्याले सांगतलं, पऱ्हाटीच्या पानासारखा पाह्यजे. त्याले पऱ्हाटीच नाही माहीत. तीन वेळा बदलला." नाक ओढून हसली. "संध्याकाळी घरी जातो तं कुलूप मीच उघडतो. मले वाटलं होतं, तू पाच-सहावर पडशील."

माझ्या तोंडाशी आलं होतं, चाल, येते. अगदी दातांशी आलं होतं. पण पुण्याचा सहावा मजला डोळ्यापुढे आला, आणि साडेतीन महिन्यांनी जागा झालेला तो खुब्याचा स्नायू, आणि सपाट फरशी. मी तिच्याजवळ जाऊन बसले, ती माझ्या डाव्या अंगाला येईल अशी. ती माझ्या अंगावर रेलली. तिचं वजन आता केवढं तरी आहे. मी कंबर बाहेर काढली नाही, सरळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला सोडायला फाट्यावर गेले. काठी नव्हती. ट्रक जात होते, हैद्राबादकडचे, नागपूरकडचे, त्यांच्या वाऱ्याने पदर उडायचा. गाडीत चढताना ती म्हणाली, "कळशी मी ठेवून घेतो." मी म्हटलं, "ठेव. पानी नको भरू तिच्यात. अन् भरलंच तं उजव्या कडेवर घे." गाडी गेली. काच बंद होती, हात हलताना दिसला, नाही दिसला.

परत येताना पारावर कोणी नव्हतं. पाहणारं कोणी असतं तर दिसलं असतं, मोठीमाय सरळ चालते.

मोरीपाशी आले. तांब्यात पाणी घेतलं. डाव्या पायावर उभी राहिले आणि उजव्या टाचेने डाव्याची धूळ काढायला लागले. मोजायची आता गरज नव्हती, पण मनाला सवय. पहिली, घाईत असायची ती. दुसरी. तिसरी. पाणी हळूहळू सोडलं. दहावीपर्यंत आले आणि पाय तसाच वर होता, कंबर जागेवर. पुढे अकरावा तास राहिला होता, धुऱ्याला लागून, तो माझा. त्यात मी मला उभं केलं. ओळीत बाकी कोणी नव्हतं.

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. मग पाय बदलला.